कांदा, क्रेप आणि चाळीस डबे

सुट्टी संपून कॉलेज उघडले की पहिले चार दिवस कट्ट्यावर एकच विषय असतो : कोण कोठे जाऊन आले. कोणी गावी जाऊन आंबे खाऊन आलेला असतो, कोणी कोकणात पोहून आलेला असतो, आणि एखादा भाग्यवान थेट काश्मीरचे फोटो घेऊन आलेला असतो. यंदा माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "पाँडिचेरी."

"वा! काय केलंस तिथं?"

"समुद्र पाहिला. आणि स्वयंपाक शिकलो. फ्रेंच स्वयंपाक."

त्यावर जो हशा पिकला तो ग्रंथालयापर्यंत ऐकू गेला असावा. "अरे, तुला चहा तरी येतो का?" एकाने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. एप्रिलपर्यंत मला चहासुद्धा येत नव्हता. मीही सर्वांबरोबर हसलो आणि विषय तेथेच संपला. परंतु त्या चार दिवसांची खरी हकीकत मी तेव्हा सांगितली नाही. कट्ट्यावर काही गोष्टी सांगता येत नाहीत. कोणी तरी मध्येच टाळी मागते. वार्षिक अंकात टाळी मागायला कोणी नसते. म्हणून येथे लिहीत आहे.

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या दाजींची, बदली गेल्या वर्षी पाँडिचेरीला झाली. (२००६ पासून या शहराचे अधिकृत नाव पुदुच्चेरी आहे, पण दाजींसकट बहुतेक सगळे अजून पाँडिचेरीच म्हणतात.) ताईला दहा महिन्यांचे बाळ. "परीक्षा झाली की ये, भाच्याला खेळव आणि समुद्र बघ," असे तिचे फर्मान आले. दादरहून पुदुच्चेरीला जाणारी गाडी पुण्यावरून जाते. त्या गाडीत आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवत मी तेथे पोहोचलो.

ताईने महिनाभर आधीच एका स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातले होते. तेथील एक वृद्ध बाई आपल्या घरी, एका वेळी सहाच जणांना, चार दिवस फ्रेंच स्वयंपाक शिकवीत. फी पाच हजार सहाशे रुपये, आगाऊ. आणि मी पोहोचलो त्याच रात्री बाळाला ताप आला.

"पैसे परत मिळत नाहीत," ताई म्हणाली. "तू जा."

"मी? मी काय करू तिथं?"

"सांगतील ते कर. बसून बघायचा वर्ग नाही तो. सगळं आपापल्या हातानं करायचं असतं."

"ताई, मी आजवर कांदासुद्धा चिरलेला नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. त्या दोन शब्दांत काय होते ते तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

ते कळण्यासाठी आमचे घर माहीत हवे. आम्ही पिंपळे गुरवला राहतो. पवनेच्या काठचे हे गाव. आता त्यात शेत कोठले आणि रस्ता कोठला हे जुन्या माणसांनाच सांगता येते. डायनासोर गार्डनच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आहेत. आसपासच्या चाळीवजा इमारतींत भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत पाच-सहा कॉट, भिंतीला खिळे, खिळ्यांना कंपनीचे शर्ट. कोणी लातूरचा, कोणी बीडचा, कोणी जळगावचा. या मुलांपैकी चाळीस जण माझ्या आईच्या हातचे जेवतात.

माझे वडील भोसरीला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ते वर्कशॉप बंद पडले तेव्हा मी सहावीत होतो. आम्ही मूळचे बार्शीकडचे. गावी परत जावे की काय, अशी बोलणी घरात सुरू झाली. आई त्या बोलण्यात कधी पडली नाही. तिने शेजारच्या खोलीतल्या मुलांचे सहा डबे सुरू केले. सहाचे बारा झाले, बाराचे चाळीस. आता वडील बाजारहाट आणि हिशेब पाहतात, पोळ्या लाटायला एक मावशी येतात. बाकी सगळे आईकडे. पहिल्या पाळीची मुले साडेपाचला दारात उभी राहतात, म्हणून आमच्याकडे दिवस चारला उजाडतो. डब्यांच्या झाकणांवर तांबड्या ऑइलपेंटने एक ते चाळीस आकडे घातले आहेत. दोन्ही वेळचे मिळून महिन्याचे दोन हजार आठशे रुपये. ताईच्या वर्गाची फी ऐकताच माझ्या मनात पहिला हिशेब आला तो हा : चार दिवसांच्या स्वयंपाकाचे पैसे म्हणजे आईच्या दोन डब्यांचा एक महिना.

आणि मी काय करीत असे? मी डबे पोहोचवीत असे. तेही फक्त संध्याकाळचे, आणि शक्यतो अंधार पडल्यावर. अंधाराचे कारण आता सांगून टाकतो. मागल्या वर्षी आपल्याच वर्गातला एक मित्र काटेपुरम चौकाजवळ कॉटवर राहायला आला. त्याने मला विचारले, "तुझ्या भागात चांगली मेस कुठली रे?" मी त्याला दुसरीच एक खानावळ सांगितली. वर्षभर तो तेथे जेवला आणि वर्षभर मी त्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने डबे नेले. माझी आई चाळीस माणसांना जेवू घालते हे मला लपवावेसे वाटत होते. का, ते विचारू नका. उत्तर देता आले असते तर ते लपवलेच नसते.

गेल्या दिवाळीपासून आईचे उजवे मनगट दुखत होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. "विश्रांती घेते, पण पोरांनी काय खायचं ते पण लिहून द्या," असे आई म्हणाली म्हणे. शेवटी मधला मार्ग निघाला : क्रेप बँडेज. ती मातकट रंगाची पट्टी मनगटाला गुंडाळून आई पहाटे कांदा चिरायला बसते. मी आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर ओढून घेत असे. एवढे सांगितल्यावर ताईच्या 'माहीत आहे'चा अर्थ वेगळा सांगायला नको.

असा मी, फ्रेंच स्वयंपाक शिकायला निघालो!

पाँडिचेरीच्या मधून एक कालवा जातो. समुद्राकडचा भाग पूर्वी गोऱ्यांचा, अलीकडचा तमिळ लोकांचा. रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नावे आहेत, पोलिसांच्या डोक्यावर लाल उभ्या टोप्या आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तेथे परके वाटू नये, असे बरेच काही होते. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली तेव्हा फ्रान्स्वा मार्तें पाँडिचेरीची वखार सांभाळत होता. पुढे राजाराम महाराज जिंजीला राहिले. ती जिंजी येथून सत्तरएक किलोमीटरवर. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत तीही आहे. आणि १७७७ मध्ये सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांच्या भेटीला आला होता. एवढी ओळख पुरेशी आहे, असे स्वतःला बजावीत मी त्या घराची घंटा वाजविली.

आमच्या शिक्षिकेला सगळे 'मादाम' म्हणत. वय सत्तरीपुढचे, अंगावर सुती साडी, जन्माने तमिळ, नागरिकत्वाने फ्रेंच. त्यांचे वडील फ्रेंच सैन्यात होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायदेशीर हस्तांतर पुरे झाले. त्या वेळी तेथील लोकांना लेखी निवड करून फ्रेंच नागरिकत्व राखता येत होते. ज्यांनी ते राखले त्यांतलेच एक हे घराणे. मादाम आमच्याशी इंग्रजीत बोलत, भांड्यांशी फ्रेंचमध्ये आणि कामाला येणाऱ्या बाईंशी तमिळमध्ये.

आम्ही सहा जण होतो : बंगलोरचे एक निवृत्त जोडपे, मद्रासच्या दोन मुली, हैदराबादचा एक संगणकवाला आणि मी. मादामने पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारले, "घरी स्वयंपाक कोण करतं?" माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आई."

"ती काय करते?"

"काही नाही. गृहिणी आहे."

मराठीत हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की जिभेवरून घसरताना कळतही नाही. इंग्रजीत मात्र ते मला अडखळत बोलावे लागले, आणि त्यामुळे स्पष्ट ऐकू आले. आई काही करत नाही!

त्या दिवशी आम्ही मादामबरोबर गुबेर मार्केटला जाऊन भाजी आणली आणि मग मादामने पहिला फ्रेंच शब्द शिकविला : 'मीज आं प्लास'. म्हणजे सगळे जागच्या जागी. आच पेटवण्यापूर्वी चिरायचे ते चिरून, मोजायचे ते मोजून, वाट्या-वाट्यांतून हाताच्या अंतरावर मांडून ठेवायचे. "आच पेटल्यावर शोधाशोध करणारा स्वयंपाकी नव्हे," मादाम म्हणाल्या. सगळ्यांनी वहीत लिहून घेतले. मीही लिहिले, आणि लिहिता लिहिता मला आमच्या घरातली रात्रीची दहाची वेळ दिसली : भिजत घातलेली मटकी, परातीत चाळून ठेवलेली कणीक, वरवंट्याशेजारी सोललेला लसूण, आणि ओट्यावर उताणी मांडलेली चाळीस झाकणे. मी रोज त्यांना ओलांडून पाणी प्यायला जात असे. त्याला काही नाव असेल असे मला कधी वाटले नव्हते.

मग सुरी. डाव्या हाताची बोटे आत वळवून, नखांऐवजी पेरे पुढे काढून कांदा धरायचा, म्हणजे सुरी पेरांवर घासत खाली येते आणि बोटे वाचतात. माझ्या पहिल्या कांद्याचे तुकडे इतके विविध आकारांचे निघाले की बंगलोरच्या आजोबांनी सहानुभूतीने आपले अर्धे मला दिले. कोपऱ्यात कामाच्या बाई तमिळ विळीवर, तिला तेथे अरिवाळमणै म्हणतात, मासळी साफ करीत होत्या. आपल्यासारखीच विळी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि हसू दाबून पुन्हा खाली मान घातली. विळीही मला येत नव्हती. तेव्हा हसण्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती.

दुपारी ऑम्लेट केले. आपले ऑम्लेट खमंग तांबूस हवे. फ्रेंच ऑम्लेटवर तांबूस डाग पडला तर ते बिघडले. पिवळेधमक, मऊ आणि आतून किंचित ओलसर. माझे पहिले तीन अस्सल मराठी झाले! शेवटी भांडी. मादामचा नियम असा, की जो शिजवतो तोच घासतो. "हाताने शिकायचं म्हणजे अर्धं शिकायचं नाही," त्या म्हणाल्या. संगणकवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा तवा घासला. मीही.

दुसऱ्या दिवशी कांद्याचे सूप. साहित्य वाचून मी निराश झालो. कांदा, लोणी, चिमूटभर पीठ, पाणी, पावाचा तुकडा, वर चीज. ही फ्रेंच पाककला? मूळ सूपात हाडांचे पाणी घालतात. आमच्यात शाकाहारी होते म्हणून भाज्यांचे पाणी घेतले. चीज जवळच्या ऑरोव्हिलमध्ये तयार झालेले होते. पण खरे काम कांद्याचे. उभा पातळ चिरलेला कांदा लोण्यावर, अगदी मंद आचेवर, पाऊण तास ते एक तास ढवळत राहायचा. प्रथम तो घाम सोडतो, मग पारदर्शक होतो, मग सोनेरी, बदामी, आणि शेवटी तांबूस तपकिरी. आच वाढवली की काठ जळतात आणि आत कच्चा राहतो. पातेल्याच्या बुडाला जे तपकिरी धरते ते पाण्याच्या शिंतोड्याने सोडवून पुन्हा कांद्यात घ्यायचे. चव त्यातच असते. साखर आणि प्रथिनांचे घटक आचेवर एकत्र येऊन हा रंग व खमंगपणा कसा तयार होतो, त्याचे वर्णन लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. त्या क्रियेला आजही त्याचेच नाव आहे.

मी ढवळत उभा होतो. वीस मिनिटांनी हात भरून आला. चाळिसाव्या मिनिटाला मनगट बोलू लागले. आणि हा कांदा सहा माणसांचा होता.

ढवळता ढवळता मादाम गोष्ट सांगत होत्या. पॅरिसच्या मध्यभागी ले आल नावाची प्रचंड मंडई होती. १९६९ मध्ये ती शहराबाहेर रंजिसला हलविली गेली. त्या मंडईत रात्रभर गाड्या उतरविणारे हमाल पहाटे आसपासच्या खानावळींत हे सूप पीत. थंडीत, अंधारात, एक वाडगे गरम सूप आणि त्यात भिजलेला शिळा पाव. "आज मोठ्या हॉटेलात याचे केवढे पैसे घेतात," मादाम म्हणाल्या, "पण हे हमालांचं खाणं आहे. पहाटे चारला कोणी तरी उठून त्यांच्यासाठी कांदा भाजायचं."

पहाटे चारला कोणी तरी उठून! माझ्या तोंडात शब्द आला होता. सगळे त्या अज्ञात पॅरिसकराबद्दल मोठ्या कौतुकाने माना हलवीत होते. एका वाक्याचे काम होते. मी ते वाक्य बोललो नाही. कालची थाप आज कशी मोडायची, या विचारात मी कांदा ढवळत राहिलो. सूप उत्तम झाले. मला ते गेले नाही.

तिसरा दिवस सॉसचा. सम वजनाचे लोणी आणि मैदा मंद आचेवर परतून 'रू' करायचे; त्यात दूध घातले की बेशामेल होते. चौदाव्या लुईच्या दरबारातल्या बेशामेय नावाच्या कारभाऱ्यावरून ते नाव पडले. पीठ भाजल्याचा वास सुटताच मी ओळखला. आमच्याकडे आई येसूर करते : धान्य आणि डाळी भाजून, मसाल्यासह दळून ठेवलेले पीठ. रश्शाला दाटपणा आणायला त्यातले चमचाभर लागते. कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत भाजायचे आणि करपू द्यायचे नाही, हा नियम दोन्हीकडे तोच. फरक एवढाच, की फ्रेंचांनी आपल्या पिठाचा वंशवृक्ष काढून ठेवला. ओग्युस्त एस्कॉफिए या प्रख्यात आचाऱ्याने १९०३ मध्ये आपला जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सॉसची व्यवस्था लावून दिली. ज्या मोजक्या मूळ सॉसांपासून बाकीचे तयार होतात, त्यांना फ्रेंचमध्ये 'सॉस मेर' म्हणतात. मेर म्हणजे आई.

आपल्याकडेही लिहून ठेवणारे झाले नाहीत असे नाही. पाँडिचेरीहून फार लांब नसलेल्या तंजावरला दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) राजवाड्यातल्या पाककृती मराठीत नोंदल्या गेल्या. 'शरभेंद्र पाकशास्त्र' ते हेच. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. पण ही राजवाड्याची आणि घराची पुस्तके. दोन शेगड्यांवर, निळ्या सिलिंडरवर, साडेपाचच्या आत चाळीस डबे कसे भरावेत, याचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

त्याच दिवशी मादामने वडवम दाखविले. लहान कांदे, लसूण, उडदाची डाळ, मोहरी, मेथी वाटून, गोळे करून उन्हात वाळविलेले; आपल्या सांडग्यांच्या नात्यातले. फ्रेंचांनी हे येथून नेले, त्याला 'वादुवां' म्हटले, आणि आता तिकडचे नामांकित आचारी ते वापरतात. मद्रासच्या मुली चकित झाल्या. त्यांच्या आजीच्या गच्चीवर तेच तर वाळत असे! आणि मग माझे मेयोनेज फुटले. अंड्याच्या पिवळ्या बलकात तेल थेंबाथेंबाने घालून घोटायचे असते. मी घाई केली आणि तेल एकीकडे, बलक दुसरीकडे. मी भांडे मोरीकडे नेऊ लागलो तेव्हा मादामने अडविले. "फेकू नकोस. नवा बलक घे, आणि हे फुटलेलं त्यात थेंबथेंब घाल. लागतं परत." आणि खरोखर लागले.

चौथा दिवस शेवटचा. मादामने मोठे वाडगे पुढे ओढले आणि म्हणाल्या, "आज क्रेप."

मला हसू आले. मादामने भुवया वर केल्या.

"माफ करा," मी म्हणालो. "आमच्याकडे क्रेप मनगटाला बांधतात."

"शब्द तोच," त्या शांतपणे म्हणाल्या. लॅटिनमध्ये कुरळ्याला, सुरकुतलेल्याला जो शब्द आहे त्यातून हा आला. कापड सुरकुतलेले, म्हणून ते क्रेप. तव्यावर धिरड्याच्या कडा सुरकुततात, म्हणून तेही क्रेप. मग त्यांनी विचारले, "तुझ्या घरी कोणाचं मनगट दुखतं?"

"आईचं."

"गृहिणीचं?" त्यांना पहिल्या दिवसाचे उत्तर आठवत होते!

वाडग्यातले पीठ मुरायला ठेवले होते. अर्धा तास कोणाला काही काम नव्हते. तेव्हा मी सांगितले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सहा डब्यांपासून चाळीस डब्यांपर्यंत. पहाटेचे चार, तीन किलो कांदा, येसूर, झाकणांवरचे आकडे. बंगलोरच्या आजींनी चष्मा पुसला. मला वाटले, आता मादाम माझ्या आईचे कौतुक करतील, आणि त्या कौतुकात थोडा मीही न्हाऊन निघेन.

मादाम म्हणाल्या, "चाळीस? दोन वेळा?" मग थोडे थांबून, "मग तू माझ्याकडे कशाला आलास?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. मी म्हणू शकलो असतो, की ताईचे पैसे वाया जात होते. ते खरेही होते. पण त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तर दिले नाही. पीठ मुरले होते. आम्ही क्रेप केले. तवा तिरपा करून पीठ पातळ फिरवायचे, कडा सुटल्या की उलटायचे. पहिला सगळ्यांचाच फाटतो. घावन करणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही.

निघताना मादामने माझी सुरी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "चांगली आहे. धार लावत जा," एवढेच म्हणाल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी घरी परतलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी मोठ्या दिमाखात आईला कांद्याचे सूप करून घातले. तासभर शेगडी अडली म्हणून ती अस्वस्थ होती. दोन चमचे खाऊन म्हणाली, "चांगलं लागतंय. पण गोड लागतंय." मग उठून ठेचा घेऊन आली, बोटभर त्यात कालवला, आणि वाटी संपविली. "आता बरं झालं. पण एका वाटीला तासभर गॅस? चाळीस डब्यांना सिलिंडर परवडायचा न्हाई रं."

मी मादामची हमालांची गोष्ट सांगितली. मीज आं प्लास सांगितले, सॉस मेर सांगितले, येसूर आणि रू एकच कसे तेही सांगितले. आई लक्ष देऊन ऐकत होती. मी नवी वही काढली आणि म्हणालो, "आई, तुझं सगळं प्रमाण सांग. मी लिहून ठेवतो."

"लिही की," आई म्हणाली. "पण लिहून कांदा चिरला जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी चारला मी उठलो. खरे सांगायचे तर पावणेपाच झाले होते. गजर मी दोनदा बंद केला. आई विळीवर बसली होती, मनगटाला क्रेप. मी पाट घेतला, सुरी काढली आणि तिच्यासमोरच्या टोपलीतून कांदा उचलला. तिने माझ्या वळलेल्या बोटांकडे पाहिले.

"हात असा का धरलास?"

"बोटं वाचतात."

ती काही बोलली नाही. थोडा वेळ माझी सुरी आणि तिची विळी एवढाच आवाज होता. माझे दोन कांदे होईपर्यंत तिचे सात झाले. मग तिने विळी पाडून ठेवली, कांद्याची टोपली माझ्याकडे सरकवली आणि उठून भाजीच्या पातेल्याकडे गेली. शाबासकी मिळाली नाही. मिळण्यासारखे मी काही केलेही नव्हते. इतकी वर्षे उशीर झालेले काम होते ते.

आज हे लिहीत असताना मला रोज जमते असे नाही. परीक्षेच्या दिवसांत दांडी होते. तीन किलो कांद्याला मला अजून आईच्या दुप्पट वेळ लागतो. तिचे मनगट पूर्वीपेक्षा थोडे बरे आहे. त्यात माझा वाटा किती आणि तेलाचा किती, ते डॉक्टरच जाणोत. वही मात्र भरत आली आहे. तिच्यात प्रमाणे लिहिताना पंचाईत होते, कारण आई 'अंदाजानं' या एकाच मापात सांगते; मग तिची मूठ मी वाटीत रिकामी करून मोजतो. मादामच्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत कोठे तरी निघेल असे वाटते.

आता एकच काम राहिले आहे. काटेपुरम चौकाजवळ कॉटवर राहणारा माझा तो मित्र हा अंक नक्की वाचेल. कारण त्याची कविता याच अंकात आहे. मित्रा, मागल्या वर्षी तू विचारलेल्या प्रश्नाला मी चुकीचे उत्तर दिले. बरोबर उत्तर असे : डायनासोर गार्डनच्या मागे, कोणालाही 'डबेवाल्या काकू' म्हणून विचार. कालच मी एक नवा डबा आणून त्याच्या झाकणावर तांबड्या रंगाने आकडा घातला आहे. एक्केचाळीस. रंग वाळला आहे.